ताईंनी आखलेली रेघ

आमच्या नणंदबाईंचं कधी चुकत नाही. हे मी म्हणत नाही, त्याच म्हणतात. त्या म्हणतात म्हणून माझा नवरा म्हणतो, नवरा म्हणतो म्हणून दुकानातली माणसं म्हणतात, आणि लग्न होऊन या घरात पाऊल टाकल्यापासून मी ते ऐकत आले आहे. ऐकून ऐकून कान किटले माझे.

दुकान म्हणजे आमची लाँड्री. पुढे काउंटर, मध्ये धुण्याची यंत्रं, त्यांच्यामागे वाफेच्या इस्त्रीचं मशीन, आणि अगदी शेवटी, खिडकीखाली, डागांचं टेबल. काउंटर आणि गाडी नवऱ्याकडे, मशीन माझ्याकडे, डागांचं टेबल ताईंकडे. ताई नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. करणार तरी कोणाशी? माणसाकडेही त्या कापडासारखंच बघतात, उजेडात धरून, कुठे काय लागलंय ते शोधत. मला बघायला आल्या होत्या तेव्हा माझ्या आईने हौसेने त्यांच्यासमोर बशी ठेवली, तर बाईंनी आधी बशीच्या कडेवरचा टवका बघितला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

एक मात्र कबूल करते, जीभ रेटत नाही तरी करते. डाग ओळखावा तर ताईंनीच. कापड खिडकीशी न्यायचं, उलटं करायचं, बोट फिरवायचं, वास घ्यायचा, आणि सांगायचं: हा चहा, हा गंज, हे रक्त, हे नुसतं वंगण. गिऱ्हाईक म्हणतं, "नाही हो, चहाच सांडला होता." ताई म्हणतात, "चहा नाही. घरी विचारा." आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मान खाली घालून सांगतं की हो, औषध सांडलं होतं, धाकट्याने लपवून ठेवलं होतं. असं झालं की ताईंच्या चेहऱ्यावर हसूबिसू येत नाही. नुसत्या पुढचा कपडा उचलतात. त्याचाच मला जास्त राग येतो.

त्यांचे नियम आहेत. डाग काय आहे ते कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, कारण चुकीचं औषध लावलं किंवा गरम केलं की डाग कायमचा बसतो. डाग वरून पडलाय की आतून आलाय ते उलटं करून बघायचं. वरून सांडलेला बाहेरच्या अंगाला गडद असतो, घामासारखा अंगातून आलेला आतल्या अंगाला. आणि औषध लावायच्या आधी डागाच्या कडेने पेनने रेघ मारायची, म्हणजे तो आकसतोय की पसरतोय ते कळतं. त्या पेनची शाई साध्या पाण्याला दाद देत नाही. ताईंच्याच एका बाटलीतल्या औषधाने जाते.

आणि शेवटचा नियम काउंटरचा. ज्याच्या हातून कपडा बिघडला, त्याने स्वतः काउंटरवर जायचं आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचं, "माझ्या हातून चुकलं." सबबी सांगायच्या नाहीत. गिऱ्हाईक बोलेल ते ऐकून घ्यायचं, विचारेल तेवढ्याचं उत्तर द्यायचं. सगळ्यांना लागू असलेला नियम आहे हा. फक्त ताईंना कधी लागू करायची वेळ आली नाही, कारण वर सांगितलंच.

मला आली. एका माणसाचा काळा कोट होता. मशीनचं झाकण जास्त तापतंय हे मी ताईंना आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "झाकण नाही तापत, तू पेडलवरचा पाय काढत नाहीस." कोटाची कॉलर करपली. मी काउंटरवर गेले. दुकान भरलेलं. तो माणूस लालबुंद झाला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या चुकलं म्हणण्याने माझा कोट परत येणार आहे का?" मी म्हणाले, "नाही." तो म्हणाला, "मोठ्याने बोला." मी मोठ्याने म्हणाले. ताई मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. नंतर मशीन दुरुस्तीवाला आला आणि म्हणाला, झाकणाचा उष्णतेचा काटा बिघडलाय. तेव्हा ताई काय म्हणाल्या? "मग तुला ते वासावरून कळायला हवं होतं." संपलं. तेव्हापासून आम्ही दोघी एका छपराखाली काम करतो, एका टेबलावर जेवतो, आणि मी मनातल्या मनात रोज त्यांना त्या काउंटरवर उभं करते.

तर आता माझ्या अंगावरच्या लालीचं सांगते.

कपडे बदलायची जागा म्हणजे कपाटामागे लावलेला पडदा. मी कामाचा अंगरखा चढवत होते आणि ताईंनी पडदा सारला. विचारायची पद्धत त्यांच्यात नाही.

"हे काय?"

"काय काय?"

"छातीवर. डाव्या बाजूला. लाल झालंय."

मी खाली बघितलं. झालं होतं खरं. बशीएवढा गुलाबी लाल चट्टा, बाजूला झुकलेला. मी तो एकदोन दिवस बघत होते, पण बाईच्या जातीला स्वतःचं अंग निवांत बघायला वेळ कुठे असतो? हात लावला तर गरम लागलं.

"वाफ," ताई म्हणाल्या. एवढंच. बघून, क्षणात, जसं चहा म्हणतात तसं. "झाकण उचलताना तोंड फिरवतेस आणि छाती पुढे करतेस. डावीकडून वाकू नकोस म्हणून हजारदा सांगितलंय."

म्हणजे बघा. माझंच अंग भाजलं आणि त्यातही चूक माझीच. खणातून भाजल्यावर लावायची ट्यूब काढून माझ्या हातात कोंबली आणि गेल्या.

लाँड्रीत भाजणं नवीन नाही. आमच्या सगळ्यांच्या हातांवर पट्टे आहेत. वाफ लागली की पाण्याखाली धरायचं, ट्यूब लावायची, कामाला लागायचं. कोणी बाऊ करत नाही. दुसऱ्या कुठल्या कामावरची बाई असती तर घाबरली असती, पण आमच्याकडे अंगावर काही लाल दिसलं की उत्तर तयारच असतं. मीही वाफच समजले असते. पण ताईंनी म्हटलं ना, म्हणून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वाफ म्हणजे माझी चूक. वाफ नसली तर ताईंची. मला ती वाफ नकोच होती.

ट्यूब लावली आठवडाभर. लाली हलली नाही, उलट जागा सुजल्यासारखी झाली. मग मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. खरं सांगते, तब्येतीच्या काळजीने नाही गेले. ताईंना तोंडावर पाडायला गेले.

डॉक्टरीण तरुण होती. नीट तपासलं. "बाळाला पाजता का?" म्हणाली.

"माझी लेक माझ्यापेक्षा उंच झालीय."

"ताप?"

"नाही."

"गाठ लागते का कुठे?"

मी भिंतीवरचं चित्र बघत होते. त्यात एक बाई आरशासमोर हात वर करून गाठ शोधत होती. मी घरी तसं केलं होतं, सगळीकडे चाचपलं होतं. गाठ नव्हती. म्हणून तर मी छाती काढून चालत होते.

"जंतुसंसर्ग वाटतोय," डॉक्टरीण म्हणाली आणि गोळ्या लिहिल्या. "पण एक ऐका. गोळ्या संपल्यावर लाली गेली नाही तर घरी बसू नका. 'जाईल हळूहळू' असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. लगेच परत या."

मी नाचतच दुकानात आले. "वाफ नाही," मी डागांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं. "जंतू आहेत."

ताईंनी मानसुद्धा वर केली नाही. "डॉक्टरला आपलं मशीन माहीत आहे का?"

गोळ्या संपल्या. लाली तिथेच. नुसती तिथेच नाही, तिने खाली हातपाय पसरले होते. पण मी परत गेले नाही. जाऊ कशी? गोळ्यांनी गेलं नाही म्हणजे जंतू नव्हते, आणि जंतू नव्हते म्हणजे ताई खऱ्या. ते मला मरायची पाळी आली तरी कबूल करायचं नव्हतं. हे आत्ता बोलताना कसं वाटतंय ते मला ठाऊक आहे. पण तेव्हा असंच होतं, आणि ताईंसारखी नणंद ज्यांना नाही त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "डोक्यात घेऊ नकोस. ताईने बघितलंय ना?" मी म्हणाले, "अहो, तुमची बहीण डॉक्टर आहे का?" तर म्हणतो, "तुम्ही दोघी एक दिवस एकमेकींना खाऊन टाकाल." आणि गाडी घेऊन सटकला. भांडण दिसलं की याला कपडे पोचवायचे आठवतात.

ताईंनी काय करावं? मला मशीनवरून काढलं. सगळ्यांसमोर. "हिला घड्या घालायला बसवा. मशीनजवळ उभी राहते तोवर हे बरं होणार नाही." माझं मशीन धुण्याच्या यंत्रावरच्या पोरीला दिलं. ज्या मशीनवर माझी निम्मी जिंदगी गेली ते असं दुसऱ्याला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा मागे गेले आणि अंगरख्याची वरची बटणं काढली.

"मारा रेघ," मी म्हणाले.

"काय?"

"पेन घ्या आणि रेघ मारा. तुमच्या हाताने. मी आठवडाभर मशीनच्या वाऱ्याला उभी राहत नाही. लाली रेघेच्या आत गेली तर वाफ. तुम्ही खऱ्या, मी तुमच्या पायाचं पाणी पिते. पण बाहेर आली तर?"

"येणार नाही."

"आली तर?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. बाकीच्या पोरी यंत्रांमागून बघतच होत्या. "आली तर नियम नियम आहे," त्या म्हणाल्या. "काउंटरवर येऊन सांगेन. सगळ्यांसमोर."

त्यांनी मला कपाटामागे नेऊन पडदा ओढला आणि पेनचं टोपण काढलं. टोक गार होतं. ताईंच्या हाताला औषधांचा वास येत होता, तोच, कपाळ दुखवणारा. इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रेमाने हात लावल्याचं आठवत नाही, आणि तेव्हाही तो प्रेमाने नव्हताच. पण हात मात्र हलका होता. अगदी कडेकडेने, श्वास धरून रेघ मारत गेल्या. खालच्या बाजूला येऊन थांबल्या.

"कातडी अशी कधीपासून आहे?"

"कशी?"

"अशी. जाड. भोकं पडल्यासारखी. संत्र्याच्या सालीसारखी."

"मला काय माहीत? वाफेने होत असेल," मी टोमणा मारला.

त्यांनी रेघ पुरी केली. "त्या जागी साबण चोळू नकोस," म्हणाल्या आणि पडदा सारून गेल्या.

मग मी चादरी आणि टॉवेलांच्या घड्या घालत बसले. आठवडाभर. घड्या घालताना माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो, ते वाईट. संध्याकाळी आतले कपडे काढले की पट्टीचा वळ राहायचा. तो सगळ्यांचाच राहतो, पण माझ्या उजव्या बाजूचा जेवेपर्यंत जायचा आणि डाव्या बाजूचा सकाळपर्यंत तसाच, खोल. डावीकडचा कप घट्ट व्हायला लागला होता. बोंड आत ओढल्यासारखं दिसत होतं, आधी तसं नव्हतं. खाज यायची. मी यातलं काही कोणाला सांगितलं नाही. कारण सकाळी उठून आरशात बघायचं ते फक्त रेघ.

पहिले दोन दिवस लाली रेघेला टेकून होती. मग एका सकाळी खालच्या बाजूने बाहेर आली. बोटभर. वरूनही आली, काखेच्या अंगाला.

मला काय झालं सांगू? आनंद झाला. देवाशप्पथ सांगते, आनंद झाला. आरशासमोर उभी राहून मी स्वतःशी हसले. दात न घासता कपडे चढवले, नवऱ्याच्या आधी दुकानात पोचले आणि ताई यायची वाट बघत डागांच्या टेबलाशी उभी राहिले. त्या आल्या. पिशवी ठेवायच्या आत मी बटणं उघडली.

"बघा!"

ताईंनी बघितलं. मग माझा खांदा धरून मला खिडकीशी नेलं, कपडा नेतात तशी. उजेडात वळवलं. बोट ओलं करून रेघेवर घासलं, आणि ते बोट उजेडात धरून बघितलं. शाई आली नव्हती. रेघ सरकली नव्हती, फिसकटली नव्हती. त्यांची रेघ फिसकटत नसतेच. मग त्यांनी लालीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"दुखलं?"

"नाही. ते सोडा. बाहेर आलीय की नाही?"

ताई खुर्चीवर बसल्या. टेबलावर कोणाचा तरी पांढरा शर्ट पडला होता, त्याच्यावर हात ठेवून बसल्या. स्वच्छ शर्टावर हात ठेवू नये, हाही त्यांचाच नियम.

"आतून आहे हे," त्या म्हणाल्या.

"मग चला. काउंटरवर."

"आधी डॉक्टरकडे जा."

"आधी काउंटर. ठरलं होतं."

"अगं ए बाई, जा म्हणते ना!" ताई ओरडल्या.

ताई कधी ओरडत नाहीत. त्यांना गरजच पडत नाही. पुढे कपडे टाकायला आलेला एक माणूस दचकून मागे बघायला लागला. आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, भांडण सोडून मी बटणं लावायला लागले. कारण मला एकाएकी कळलं की ताईंच्या चेहऱ्यावर हरल्याचा राग नाहीये. त्या घाबरल्या होत्या.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरणीने बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, "मी लगेच या म्हणाले होते." मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला, माझ्यासमोरच, आणि समोरच्याशी भांडून त्याच दिवसाची वेळ घेतली. तिला भांडताना बघून मला ती आवडली.

हॉस्पिटलातला डॉक्टर वयस्क होता, हळू बोलणारा. त्याला सगळ्यात आधी रेघ दिसली.

"ही कोणी मारली?"

"नणंदेने."

नवरा बाजूला खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याला रेघेचं काही माहीत नव्हतं. तो माझ्याकडे आणि मग जमिनीकडे बघायला लागला. डॉक्टरने रेघेचा फोटो काढला, दोन्ही बाजू शेजारी धरून बघितल्या, काख चाचपली. मग तपासण्या झाल्या. कातडीचा एक बारीक तुकडा काढला, आतलंही सुईने थोडं काढलं. मी विचारलं, "पण गाठ नाहीये ना डॉक्टर? मी बघितली होती."

"याला बहुतेक वेळा गाठ नसते," तो म्हणाला. "कमी जणींना होतो हा. कातडीखाली बारीक वाहिन्या असतात, त्या तुंबतात. म्हणून जागा लाल होते, गरम होते, सुजते, कातडी अशी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी लागलंय, नाहीतर पिकलंय. गोळ्या देतात, वाट बघतात. आणि हा वाट बघत नाही."

"हा म्हणजे कोण?" नवऱ्याने विचारलं. अजूनही त्याला कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

तपासणीचा निकाल यायचा होता त्या दिवशी आम्ही परत गेलो, आणि डॉक्टरने तो शब्द उच्चारला. स्तनाचा कॅन्सर, जळजळणारा, दाह होणारा, असं काहीतरी नाव सांगितलं त्याने. काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचलाय. लांब कुठे गेलेला दिसत नाही. आधी सलाईनमधून औषधं, मग ऑपरेशन, मग किरणं. याच क्रमाने. पुढच्या आठवड्यापासून सुरू. नवरा रडायला लागला. मी म्हणाले, "अहो, बास करा, डॉक्टरांना बोलू द्या."

"मी जगणार का?" मी विचारलं.

"अवघड आहे," तो म्हणाला. "पण अशक्य नाही. आधी आला असतात तर अजून बरं झालं असतं. आता आहे तिथून सुरू करू."

मला तुम्हाला सांगायचंय की तेव्हा माझ्या मनात लेक आली. आली, पण कशी आली? मी गेले तर पोरगी ताईंच्या ताब्यात जाणार. तिला उजेडात धरून बघणार. तिच्या वाकण्यात, उठण्यात, पेडलवर पाय ठेवण्यात चुका काढणार, आणि पोरगीही त्यांच्यासारखी न हसता पुढचा कपडा उचलायला शिकणार. या विचाराने मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मरायला माझी हरकत असेल नसेल, पण ताईंच्या आधी मरायला मी तयार नव्हते.

आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. ताई चुकल्या. सगळ्या जन्मात पहिल्यांदा ताई चुकल्या, आणि मी बरोबर ठरले.

हॉस्पिटलातून नवरा घरी चला म्हणत होता. मी म्हणाले, दुकानात. तो म्हणाला, आत्ता कशाला? मी म्हणाले, गाडी वळवा.

दुपारची वेळ, दुकानात गर्दी. एक बाई पडद्यांचं गाठोडं घेऊन उभी, एक माणूस पावती शोधत खिसे चाचपत होता, अजून दोघंतिघं. काउंटरची उचलायची फळी खाली होती. रोज मी ती उचलून आत जाते. त्या दिवशी नाही उचलली. गिऱ्हाइकांच्या बाजूला, रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिले. पडदेवाली म्हणाली, "अहो, रांग आहे." मी तिच्याकडे नुसतं बघितलं, तशी ती गाठोडं घेऊन बाजूला सरकली.

"ताई!" मी हाक मारली. मागपर्यंत जाईल अशी.

ताई डागांच्या टेबलावरून उठून आल्या. यंत्रांमधून, हात पुसत. काउंटरशी आल्या आणि थांबल्या. आमच्यामध्ये फळी होती. त्यांनी आधी भावाचा चेहरा बघितला, सुजलेले डोळे बघितले. त्यांना सांगायची गरज नव्हती, पण मी सांगितलं.

"कॅन्सर आहे. तुम्ही म्हणालात तसा. आतून आलेला."

पावती शोधणाऱ्याने हात खिशातच ठेवला. मला वाटलं ताई आता वळतील, आत जातील, किंवा म्हणतील, हे घरी बोलू. नियम करणारी माणसं अशा वेळी घरी बोलू म्हणतात. पण ताईंनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले.

"माझ्या हातून चुकलं," त्या म्हणाल्या. पडदेवालीलाही ऐकू जाईल अशा आवाजात. "मी वाफ म्हणाले. वाफ नव्हती. डाग ओळखायला चुकले."

सबब सांगितली नाही. घाई होती, उजेड नव्हता, मी डॉक्टर नाही, काही नाही. नियमाप्रमाणे माझ्या बोलण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

हे मी किती वर्षं घोकलं होतं. कपड्यांवर झाकण आपटताना, रात्री कूस बदलताना, भाजी चिरताना. शब्द तयार होते.

"तुमच्या चुकलं म्हणण्याने," मी म्हणाले, "माझा कोट परत येणार आहे का?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"मोठ्याने बोला."

"नाही!" त्यांचा आवाज चिरकला. डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीपर्यंत आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. काउंटरवरचे हात उचलले नाहीत.

झालं. जिंकले मी. भरल्या दुकानात, सगळ्यांसमोर, अगदी मनात होतं तसं. आता तोंड गोड व्हायला हवं होतं ना? माझ्या तोंडाला कोरड पडली. समोर ताई चुकलेल्या उभ्या होत्या, आणि त्या चुकल्या होत्या म्हणूनच माझ्या छातीत हे होतं. त्या बरोबर असत्या तर ती वाफ असती. मी डावीकडून वाकते म्हणून लागलेली, माझ्याच बावळटपणाने, ट्यूब लावून बरी होणारी. जन्मभर त्या बरोबर ठरल्या, उठता बसता बरोबर ठरल्या, आणि मला त्या बरोबर हव्या होत्या तेव्हा नेमक्या चुकल्या.

मी अंगरख्याच्या बटणांना हात घातला. तिथेच, रांगेत. नवरा "अगं, अगं" करत पुढे आला, मी त्याला कोपराने ढकललं.

"ताई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "परत एकदा बघा ना. खिडकीशी नेऊन नीट बघा. वाफच असेल. मी वाकते ना डावीकडून. तुम्ही सांगितलं होतंत, मीच ऐकलं नाही. माझं चुकलं. वाफ आहे म्हणा ना, ताई."

ताईंनी फळी उचलली आणि बाहेर आल्या. माझे हात बटणांवरून काढले आणि स्वतःच्या हातात धरले, त्या औषधाच्या वासाच्या, गार हातांत. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

"नाही गं," म्हणाल्या. "वाफ नाही ती."

मेलीने तेवढंही केलं नाही माझ्यासाठी.